दोन नावांचा हवालदार

आमच्या लहानपणी ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टरांत कुणाच्या घरात घड्याळ नसलं तरी चालायचं. पॉवर हाऊसचा भोंगा वाजला की वडील डबा घेऊन निघत, पुढच्या भोंग्याला आई भाताचं आधण ठेवी, आणि संध्याकाळच्या भोंग्याला आम्ही पोरं मैदानातून घराकडे पळत सुटायचो. शेजारी चोळेगाव, म्हणून ते चोळा पॉवर हाऊस. जी. आय. पी. रेल्वेनं १९२९-३० च्या सुमारास पुण्याच्या आणि इगतपुरीच्या बाजूला विजेच्या गाड्या सोडल्या, तेव्हा त्या गाड्यांच्या विजेसाठी ते उभारलं. कोळशावर चालायचं. त्याची राख आमच्या वाळत घातलेल्या धोतरांवर, कुरडयांवर आणि सोललेल्या वालांवर बारीक पिठासारखी बसे. वाल तीन-तीनदा धुतले तरी बिरड्याला किंचित कचकच राहायचीच. आजही कुणाकडे स्वच्छ, मऊ बिरडं खाल्लं की मला काहीतरी कमी वाटतं.

कधीकधी तिथे बॉयलरची जादा वाफ सोडत. आधी सूचना नसे, एकदम आभाळ फाटल्यासारखा आवाज व्हायचा. आम्हा पोरांना त्याचं काही वाटत नसे, झोपलेलं तान्हं मूलसुद्धा जागं होत नसे. पण ओसरीवर बसलेले हवालदारबाबा झटक्यात भिंतीला पाठ लावायचे. दोन्ही हातांचे तळवे जमिनीवर दाबलेले, मान खाली. आवाज थांबला की थोडा वेळ तसेच बसत आणि मग हळूच म्हणत, "वाफ हाय. वाफच हाय." ते कुणाला सांगत होते हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

हवालदारबाबा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. आमचं मूळ गाव माणगाव तालुक्यात, तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात. जमीन चार भावांत वाटून वीतभर उरलेली. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात उपास. अशा घरातला थोरला पोरगा पलटणीत जायचा, धाकटा मुंबईच्या बंदरात, आणि मधले दोघं नांगराला. आमच्याकडेही तसंच झालं. बाबा मराठा पलटणीत भरती झाले ते दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू व्हायच्या आधी की नंतर, यावर घरात कधी एकमत झालं नाही. मोठी आय, म्हणजे त्यांची बायको, सांगायची की लग्नाला एक शिमगा उलटला आणि हे बेळगावला गेले. तिच्या आठवणीत साल नसायचं. शिमगा, गौरी, आगोटी, असंच तिचं कॅलेंडर.

बाबांच्या पलटणीचं नाव पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. त्यातली तिसरी बटालियन त्यांची. १९४१ च्या मार्चमध्ये ही बटालियन इरिट्रियातल्या केरनला होती. इरिट्रिया तेव्हा इटलीच्या ताब्यात होता. सुदानकडून आत जाणारा रस्ता केरनपाशी एका खिंडीतून जातो आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या डोंगरांवर इटालियन फौज ठाण मांडून बसलेली. बाबा 'केरन' म्हणायचे आणि मी लहानपणी 'किरण' ऐकायची. आमच्या वर्गात एक किरण होती. बरेच दिवस मला वाटायचं की बाबा तिच्याच गावाला लढाईला गेले होते.

केरनबद्दल ते लढाईचं फार सांगत नसत, पाण्याचं सांगत. डोंगर तापलेला, दगडाला हात लावला तर चटका बसायचा. झाड नाही, सावली नाही. पाणी खालून वर पाठीवर न्यायचं, आणि नेणाराच वाटेत निम्मं पिऊन टाकील अशी तहान. बाबांचं म्हणणं, "आपले रायगडाचे डोंगर बरे. तिथं निदान झरा तरी लागतो." डोलोगोरोडॉक नावाचा एक किल्ला तिथे होता, त्याला ते 'डोलगोरडा' म्हणत, जणू महाडच्या पलीकडचंच एखादं गाव. त्या चढाईत मराठ्यांनी 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' अशी आरोळी दिली आणि तीच पुढे रेजिमेंटची रणगर्जना झाली, असं पलटणीत सांगतात. बाबांना विचारलं, तुम्ही ओरडलात का? तर म्हणाले, "घसा कोरडा होता गो पोरी. तोंड उघडलं होतं येवढं आठवतंय." २७ मार्चला केरन पडलं. तारीख मी पुस्तकात वाचली, बाबांनी कधी सांगितली नाही.

त्यानंतरची तीन वर्षं त्यांच्या सांगण्यात एकमेकांत मिसळलेली असत. मिसर, इराक, वाळूची वादळं, खजूर, उंट, आणि एक कुठलं तरी बंदर जिथे त्यांनी पहिल्यांदा बर्फाचा गोळा खाल्ला. आमच्या वाडीतला एक जण दुसऱ्या बटालियनमध्ये होता. ती बटालियन १९४२ च्या जूनमध्ये तोब्रुकला सगळ्या फौजेबरोबर शत्रूच्या हाती सापडली. त्याच्या घरी तार आली, पण वाचणारं कुणी नव्हतं. तार म्हणजे मरण, असं समजून त्याच्या आईनं दहावंसुद्धा उरकलं. लढाई संपल्यावर तो चालत घरी आला. मोठी आय ही गोष्ट सांगताना दरवेळी इथे थांबायची आणि पदर तोंडाला लावायची. मग म्हणायची, "त्यानं सोताच्या दहाव्याचं भांडं बघितलं."

घरी राहिलेल्यांनाही लढाईनं सोडलं नाही, ही गोष्ट माझ्या सख्ख्या आजोबांची. ते मुंबईच्या बंदरात हमाल. १४ एप्रिल १९४४, दुपारचे चार वाजून गेलेले. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा, शिवाय सोन्याच्या विटा. दुपारपासून कापूस धुमसत होता म्हणतात. मग अर्ध्या तासात दोन स्फोट झाले आणि बंदराच्या आसपासची वस्तीच्या वस्ती गेली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या आठवणीत १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. आजोबा त्या वेळी भिंतीच्या आडोशाला भाकरी खात बसले होते म्हणून वाचले, पण डावा कान कायमचा गेला. याचं पत्र बाबांना इटलीत मिळालं. दारूगोळ्यात उभा असलेला भाऊ धडधाकट आणि भाकरी खायला बसलेला भाऊ बहिरा. "मी तिकडं रडलो," बाबा सांगायचे. "सार्जंटनं इचारलं, घरी कोन मेला का? म्हटलं, नाय, कान मेला."

म्हातारपणी हे दोघे भाऊ आमच्या ओसरीवर संध्याकाळी बसत. बाबा आजोबांच्या उजव्या बाजूला बसायचे, कारण ऐकू येणारा कान तो. दोघांत एक पितळी तांब्या. बाबांचा चहा मात्र पांढऱ्या इनॅमलच्या, निळ्या काठाच्या मगात लागायचा, कडेचे टवके उडालेल्या. आणि पाणी हवं असलं की हे माणगावचे म्हातारे मोठ्या आयला हाक मारत, "आक्वा दे गो." इटलीनं त्यांना दिलेले शब्द दोनच, आक्वा आणि पाने. पाणी आणि पाव. "लढाईत येवढेच शब्द लागतात," असं ते म्हणायचे. तिथल्या डोंगरातल्या म्हाताऱ्या बायकांनी त्यांना मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं काहीतरी खायला दिलं होतं. ते खाताना त्यांना आमच्या घरच्या कुळथाच्या पिठीची आठवण आली. आता त्याला पोलेंटा म्हणतात आणि हॉटेलात मिळतं. मी एकदा मागवून खाल्लं. पिठीची आठवण मला काही आली नाही, बाबांची आली.

इटलीतली सगळ्यात मोठी गोष्ट यशवंत घाडगे यांची. नाईक यशवंत घाडगे, पळसगावचे, म्हणजे आमच्याच माणगाव तालुक्यातले, आणि बाबांच्याच तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४, वरच्या टायबर नदीचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनचे सगळे जवान पडले, हे एकटे उरले. त्यांनी मशीनगनवर बॉम्ब टाकला, पुढे धावले, टॉमीगन रिकामी झाली तेव्हा ती उलटी धरून तिच्या दस्त्यानं उरलेल्यांवर तुटून पडले. मग छातीत आणि पाठीत गोळ्या लागून तिथेच गेले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो घ्यायला त्यांची तरुण विधवा लक्ष्मीबाई. देहाची कबर माहीत नाही. नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. माणगावला तहसील कचेरीच्या आवारात त्यांचा पुतळा आहे, गावी जाताना एसटीतून उतरलं की बाबा आधी तिकडे जात, चप्पल काढून उभे राहत, आणि मगच पुढे.

आमच्या घरात या गोष्टीची दोन रूपं आहेत. काका सांगतात, बाबा त्या दिवशी घाडग्यांच्या शेजारी होते. वडील सांगायचे, नव्हते. मी स्वतः बाबांना विचारलं होतं, आठवी-नववीत असताना. ते म्हणाले, "मी दुसऱ्या कंपनीत. दोन दिवसांनी आयकलं. मी काय बघितलं नाय, मंग खोटं कशाला सांगू?" एवढ्या जवळून गेलेल्या पराक्रमातला वाटा त्यांनी एका शब्दानंही घेतला नाही. काकांचं रूप जास्त रंगतदार आहे, पण मी बाबांचंच खरं धरते. मराठा रेजिमेंटला त्या महायुद्धात दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. दुसरा संगमनेरकडच्या निमजचे नामदेव जाधव यांना, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या काठी. ते जिवंत परतले. बाबांना त्यांचं फार अप्रूप. "परत आला, हे क्रॉसपेक्षा मोठं," असं म्हणत.

बाबाही परत आले, गुडघ्यात लोखंडाचा एक तुकडा घेऊन. थंडीत तो दुखे. जहाजानं मुंबईला उतरवलं आणि बेळगावला नाव कमी करायला जाण्याआधी काही आठवडे कल्याणच्या छावणीत ठेवलं. ही छावणी म्हणजे आजचं उल्हासनगर. लढाईच्या काळात तिथे हजारो शिपायांसाठी बराकींमागून बराकी उठवल्या होत्या. त्या रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हातून उल्हासनगर हे नाव मिळालं. पण आमच्या भागात अजून कुणी 'उल्हासनगर चार' म्हणत नाही, 'कॅम्प नंबर चार' म्हणतात. बाबांना तिथल्या बराकी ओळखू यायच्या. सिंधी दुकानदाराकडे आईसाठी कापड घ्यायला आम्ही जायचो तेव्हा ते एखाद्या दुकानाच्या भिंतीवर हात ठेवून सांगत, "हितं आमची खाट होती." दुकानदारही मग त्याच्या गावाची गोष्ट काढायचा. सगळं मागे टाकून आलेली दोन माणसं एकाच भिंतीविषयी बोलत आहेत आणि आई खोळंबली आहे, असं ते चित्र मला स्पष्ट आठवतं.

त्या लढाईत पंचवीस लाखांपर्यंत हिंदी माणसं फौजेत गेली होती. लढाई संपली आणि त्यांतल्या बहुतेकांना घरी पाठवलं. शिपायाला पेन्शन हवी तर पंधरा वर्षांची नोकरी लागते. बाबांची भरली सात. हातावर थोडी रक्कम, एक डिस्चार्ज बुक, अंगावरचा लोकरी कोट आणि बूट. रकमेत त्यांच्या वडिलांचं सावकाराचं देणं फिटलं आणि एक बैल आला. बैल दोन वर्षांत मेला.

मग १९४८ आलं. मुंबई प्रांतानं राज्य राखीव पोलीस दल उभारलं, मार्चमध्ये, पुरंदरला. कवायत येणारी, बंदूक धरता येणारी माणसं हवीच होती. बाबा पुन्हा रांगेत उभे राहिले. पुरंदरच्या थंडीत गुडघ्यानं बंड केलं तरी ते कुणाला बोलले नाहीत. पोलिसातले पहिले दिवस त्यांना फार आवडले असावेत, कारण त्या काळाबद्दल ते हसून बोलत. चढायला डोंगर होताच, पण खाली गाव दिसायचं आणि त्या गावात मराठी बोलत.

सप्टेंबरात हैदराबाद संस्थानावरची कारवाई झाली. १३ तारखेला सुरू आणि पाच दिवसांत संपली. तिला आपण सगळे 'पोलीस अॅक्शन' म्हणतो. काम केलं ते सैन्यानं, मेजर जनरल चौधरींच्या हाताखाली, सोलापूरकडून आत शिरून. बाबांची तुकडी बार्शीच्या बाजूला कुठल्यातरी नाक्यावर होती, नंतर पलीकडच्या गावांत बंदोबस्ताला गेली, असं घरात बोललं जायचं. पलीकडे काय पाहिलं हे त्यांनी सांगितलं नाही. मी एकदा फार मागे लागले तेव्हा त्यांनी हातातला मग खाली ठेवला आणि म्हणाले, "केरन सांगतो, इटली सांगतो. ते नाय सांगायचं." पुढे कधीतरी मी सुंदरलाल समितीच्या अहवालाविषयी वाचलं. कारवाईनंतर मराठवाड्यातल्या गावांत मुसलमान वस्त्यांवर सूड कसा उगवला गेला, त्याची चौकशी त्या समितीनं केली होती. तो अहवाल कितीतरी दशकं लोकांसमोर आलाच नाही. वाचताना मला बाबांचा खाली ठेवलेला मग दिसत राहिला. रमजानच्या महिन्यात ते ठाकुर्ली फाटकाजवळच्या एका म्हाताऱ्या मुसलमान पेटीवाल्याकडे दर शुक्रवारी मूठभर खजूर घेऊन जायचे. त्या दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही, हे मी ठरवलेलं नाही.

पोलिसात पंधरा वर्षं झाली आणि गुडघ्यानं पुरतं नाही म्हटलं. नोकरी सुटली. बंदूक गेली, क्वार्टर गेलं, आणि मूलबाळ नसलेलं ते जोडपं एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन आमच्याकडे ठाकुर्लीला आलं. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची. पेन्शन बसली ती इतकी थोडी की मोठी आय शेजारच्या बंगल्यात भांडी घासायला जाऊ लागली. त्या गोष्टीची बाबांना किती लाज वाटे! ती परत येईपर्यंत ते जेवत नसत.

कुणीतरी त्यांना सांगितलं, लढाईतली सात वर्षं पोलिसाच्या नोकरीत धरून घ्या, पेन्शन वाढेल. इथून त्यांचं कचेरीत जाणं सुरू झालं. कुठली कचेरी ते लिहीत नाही. तिथली माणसं वाईट होती असंही नाही. महिन्यातून एकदा बाबा इस्त्रीचं धोतर नेसून, कापडी पिशवीत कागद घेऊन सकाळच्या लोकलनं निघत. ठाकुर्लीला फास्ट गाडी थांबत नाही, म्हणून एक तास आधीच स्टेशनवर जाऊन बसत. पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मिळालेली रक्कम परत भरावी लागेल. ती रक्कम म्हणजे सावकार आणि मेलेला बैल. वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढायची तयारी केली. मग खरी अडचण निघाली.

भरतीच्या वेळी नाव लिहिणाऱ्यानं इंग्रजीत बाबांचं नाव, मग वडिलांचं नाव, आणि आडनावाच्या जागी गावाचं नाव लिहिलं होतं. वडिलांच्या नावाचं स्पेलिंगही भलतंच. पोलिसात भरती होताना मराठीत आडनावासकट नीट लिहिलं गेलं. म्हणजे केरनला गेला तो एक माणूस आणि पुरंदरला गेला तो दुसरा. दोघांचं जन्मसालही दोन वर्षांनी वेगळं. कागदावर ते दोघं कधी एकमेकांना भेटलेलेच नव्हते. कचेरीतला बाबू म्हणाला, "आजोबा, हा शिपाई तुम्हीच, हे कशावरून?" बाबांनी धोतर वर करून गुडघा दाखवला. आत लोखंड आहे, हात लावून बघा म्हणाले. बाबूनं मान खाली घातली. गुडघ्यावर शिक्का मारता येत नाही.

नऊ वर्षं ते जात राहिले. घरी आले की काय झालं ते कधी बोलत नसत, पण आम्हाला त्यांच्या बसण्यावरून कळे. त्या दिवशी मोठी आय सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी करायची. चोळ्याच्या आगरी बायका सकाळीच टोपल्या घेऊन यायच्या. त्यांतल्या एकीला हे वेळापत्रक पाठ झालं होतं. "आज म्हाताऱ्याची कचेरी ना?" म्हणत मूठभर सुकट जास्त घालायची.

याच काळात आणखी एक गोष्ट झाली, आणि ती लिहायची की नाही याचा मी बराच विचार केला, कारण ती माझ्या आईकडून झाली. ट्रंकेतला तो लोकरी कोट कसर लागून चाळण झाला होता. बोहारीण दारात आली. आईनं जुन्या साड्यांबरोबर तो कोट तिला दिला आणि एक बऱ्यापैकी पातेलं घेतलं. खिशात डाव्या बाजूला बाबांनी आपले बिल्ले आणि पितळी चांदणीसारखी दोन पदकं कापडात गुंडाळून शिवून ठेवली होती, हे तिला कुठे ठाऊक? संध्याकाळी बाबांनी ट्रंक उघडली, बंद केली. रात्री पुन्हा उघडली. दुसऱ्या दिवशी आईला कळलं तेव्हा ती डोंबिवलीच्या बाजारापर्यंत त्या बोहारणीला शोधत अनवाणी गेली. सापडली नाही. आई परत आली आणि बाबांच्या पायाशी बसली. ते म्हणाले, "पातेलं चांगलं हाय. भात नीट व्हतो ना?" आयुष्यभर आईनं त्या पातेल्यात भात केला. तिच्या शेवटच्या दिवसांत ते पातेलं मी माझ्या घरी आणलं.

१९७१ चा डिसेंबर. पाकिस्तानशी लढाई सुरू झाली आणि मुंबईसारखाच आमच्याकडेही काळोख. खिडक्यांना काळे कागद, दिव्यांना खोकी. पॉवर हाऊस शेजारीच, म्हणून आमच्या कॉलनीत भीती जास्त. पन्नाशी ओलांडलेले बाबा, गुडघा आखडलेला, पहिल्याच रात्री मफलर गुंडाळून, काठी आणि पोलिसातली जुनी शिट्टी घेऊन बाहेर पडले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं. सोळा तारखेपर्यंत रोज रात्री क्वार्टरांच्या रांगांतून त्यांचा आवाज यायचा, "बत्ती घालवा, बत्ती!" एखाद्या घरात पोर रडत असलं की दाराशी थांबून हळू आवाजात विचारायचे, "पानी-बिनी हवं का?" आणि आमचे बहिरे आजोबा, भावाला दिसत नाही काळोखात, म्हणून त्यांच्या मागून चालत. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला चालवत नाही, असे ते दोघं पॉवर हाऊस राखत होते. मी खिडकीच्या काळ्या कागदाला भोक पाडून त्यांना पाहिलं आहे. त्या दिवसांत पॉवर हाऊसनं वाफ सोडली तरी बाबा भिंतीला टेकले नाहीत. त्या दिवसांत ते कामावर होते.

ते गेले १९७९ च्या पावसाळ्यात, झोपेत. आजोबा त्यांच्या उजव्या बाजूला बसून दिवसभर काहीतरी सांगत होते, जणू कान बाबांचाच गेला होता.

२००८ च्या नोव्हेंबरात गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी नुसत्या हातांनी दहशतवादी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि जीव दिला. पेपरात वाचलं की साताऱ्याकडचा हा माणूस आधी लष्करात नाईक होता, मग मुंबई पोलिसात आला. मी पेपर घडी करून ठेवला आणि बराच वेळ काही केलं नाही. एक वर्दी उतरवून दुसरी घालणारी अशी किती माणसं आपल्या गावागावांत होऊन गेली. २०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोन्तोने गावात यशवंत घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं, तेव्हाही तसंच झालं. वाटलं, बाबांना सांगावं. भोंग्यावर वेळ लावणाऱ्या माणसाला ते घड्याळ आवडलं असतं.

आता थोडं मोठ्या आयविषयी. पुढे राज्य सरकारनं दुसऱ्या महायुद्धातल्या, पेन्शन न मिळालेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना महिन्याला मदत देणं सुरू केलं. वडिलांनी पुन्हा तीच पिशवी काढली. पुन्हा तीच दोन नावं. या वेळी वडिलांनी वेगळं केलं. गावी जाऊन तोब्रुकला पकडलेला तो म्हातारा शोधला, स्वतःच्या दहाव्याचं भांडं पाहिलेला. त्यानं अंगठा दिला की हा आणि तो एकच, आम्ही एकाच दिवशी एकाच बैलगाडीतून भरतीला गेलो. साहेबांनी मोठ्या आयला समोर बसवलं आणि दोन्ही नावं वाचून विचारलं, "आजी, यातले तुमचे कोण?" ती म्हणाली, "दोघंबी माजंच."

मदत मंजूर झाली. तिला ती अकरा महिने मिळाली. पहिल्या पैशातून तिनं त्या सुकटवालीला लुगडं घेतलं, आणि एक नवा इनॅमलचा मग, जो कुणी वापरला नाही.

पॉवर हाऊस बंद पडूनही आता कितीतरी वर्षं झाली. भोंगा ऐकलेली माणसं कॉलनीत फार उरली नाहीत. बाबांचं डिस्चार्ज बुक माझ्याकडे आहे. पानं पिवळी पडून कडा तुटल्या आहेत, पण नंबर वाचता येतो, आणि चालचलणुकीच्या रकान्यात एका साहेबाच्या तिरक्या अक्षरात 'उत्तम' असं इंग्रजीत लिहिलेलं आहे. तुमच्याही घरात एखाद्या ट्रंकेच्या तळाशी असं पुस्तक असेल, त्यावरचं नाव तुमच्या आजोबांच्या नावाशी जुळत नसेल, गाव चुकलेलं असेल, साल चुकलेलं असेल. तरी ते टाकू नका. घरात कुणी म्हातारी विधवा अजून असेल, तर ते घेऊन आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि जुना कोट बोहारणीला देण्याआधी त्याचे खिसे बघा.